समुद्र एकदाच पाहिलेले सर

सर, आधी माफी मागतो. तुमच्याविषयी लिहायला माझ्यापेक्षा लायक माणसं पुष्कळ आहेत. तुमच्याबरोबर हैदराबादला शिकलेले लोक या गावात आहेत, तुमच्या हाताखालून गेलेले डॉक्टर आहेत, कॉलेजातले प्राध्यापक आहेत. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि ती पायरी अजून माझ्या सवयीची झालेली नाही. तुम्ही दवाखान्यातून परत आलाच नाहीत. मग वार्षिक अंकाचं काम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "सांडू, तू लिही. तू त्यांच्या घरचा होतास." मी म्हणालो, "मला नाही जमायचं." त्या म्हणाल्या, "जमेल तेवढं लिही." मग बरेच दिवस नुसतं बसून काढले. 'नईम सर हे' असं लिहिलं की पुढं काही सुचेना. तुम्हाला 'ते' म्हणायची मला सवय नाही. समोरासमोर जसं बोलायचो तसंच लिहितो. चुकेल तिथं माझ्या आकृत्यांवर करायचात तसा पेन्सिलीनं हलका गोल करा.

तुमचा जन्म कुठला, पदव्या कोणत्या, हे मी लिहिणार नाही. मला ते नीट माहीतही नाही. मला एवढंच माहीत आहे की या औरंगाबादेत, जिथं उन्हाळ्यात नळाला पाणी येईल का याची चर्चा असते, तिथं बसून तुम्ही समुद्राच्या तळाचा विचार करायचात.

पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला मी पुस्तकातल्या चित्रावरून एका माशाची आकृती काढली होती. कपाळातून गळाच्या काठीसारखी काडी निघालेली, काडीच्या टोकाला उजेड, तोंडभर दात. आकृती बरी आली होती, पण एकाही भागाला नाव दिलं नव्हतं. तुम्ही बाकाशी थांबलात.

"नावं कुठं गेली?"

"सर, इंग्रजी स्पेलिंगं येत नाहीत."

"मग मराठीत लिही."

"मराठीत काय म्हणतात ते ठाऊक नाही."

तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. "अजीब आहे. मला याचं सगळं उर्दूत येतं. तुला कशातच येत नाही. आणि या माशाला बोलायचंच नाही. आपल्या तिघांत सुखी हाच."

बाकीची मुलं हसली. मी मान खाली घातली. पण तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि तिथंच सौदा केलात: मी तुम्हाला मराठी शिकवायची, तुम्ही मला मासे शिकवायचे.

तो सौदा गमतीचा नव्हता हे मला नंतर कळलं. पोलीस ॲक्शनच्या आधी तुम्ही याच गावात उर्दूतून वर्ग घ्यायचात. समोर भरलेला वर्ग, फळा, खडू आणि तुमचा समुद्र. मग राज्य बदललं, शिकवायची भाषा बदलली, आणि तुम्ही वर्गातून प्रयोगशाळेत आलात, डेमॉन्स्ट्रेटर म्हणून. बेडूक वाटायचे, बाटल्यांतलं फॉर्मॅलिन बदलायचं, आकृत्यांवर सह्या करायच्या. पुन्हा वर्गावर जायचं तर सरकारी नोकरांसाठीची मराठीची परीक्षा पास व्हायला हवी होती. तुम्ही ती वर्षानुवर्षं टाळलीत. "या उमरीत 'अ आ इ' करत बसू?" असं म्हणायचात. मग वरून कळवलं गेलं की रिटायर होण्याआधी आता दोनदाच बसता येईल, नंतर विचार होणार नाही. तेव्हा तुम्हाला घाई झाली. पगाराचं तुम्ही कधी बोलला नाहीत. तुम्हाला वर्ग हवा होता.

तुमचं घर शहागंजच्या मागच्या गल्लीत. मी मुकुंदवाडीहून मामांच्या सायकलवर यायचो. पहिल्या दिवशी दारात चप्पल काढू की आत नेऊन ठेवू, इथपासून मला काही सुचत नव्हतं. चाची, म्हणजे तुमच्या बेगम, पडद्याआडून म्हणाल्या, "बच्चे कू भूका पढारैं क्या?" आणि चहा आला. पुढं त्यांना कळलं की माझा सोमवारचा उपास असतो. त्यानंतर दर सोमवारी उकडलेले शेंगदाणे असायचे, वेगळ्या वाटीत, मी न सांगता. ही गोष्ट मी आईला सांगितली, आणि पुढच्या खेपेला गावाहून येताना तिनं चाचींसाठी शेंगांची एक पिशवी बांधून दिली.

तुमची शिकायची रीत मात्र निराळी होती. मी शाळेतली बालभारती आणली. तुम्ही दोन पानं वाचलीत आणि मिटवलीत. "यात काही घडतच नाही. आपण मासे घेऊ." मग आपलं मराठी समुद्राच्या तळाशीच सुरू झालं. तुम्ही उर्दूत सांगायचात, मी मराठीत करायचो, तुम्ही ते घटवायचात. जसजसं खाली जावं तसतसा आधी तांबडा रंग जातो. म्हणून तिथली लालभडक कोळंबी काळी दिसते, म्हणजे दिसतच नाही. काही माशांचे डोळे दुर्बिणीच्या नळीसारखे असतात, आणि ते वर रोखलेले असतात, कारण उरलासुरला उजेड वरूनच येतो. मग शिकार करणाऱ्याला वर पाहिल्यावर सावली दिसू नये म्हणून काही माशांच्या पोटावर दिव्यांची रांग असते. "पोटावर दिवे लावून सावली पुसतात," असं मी केलं तेव्हा तुम्ही ते वाक्य परत परत म्हणून घेतलंत. चाचींनाही ऐकवलंत. त्या म्हणाल्या, "अपने घर का बल्ब कब का गया है, वो कब लगाते?"

आणि तो तीन काड्यांवर उभा राहणारा मासा. त्याच्या पोटाच्या परांचे आणि शेपटीचे लांब काटे तळाच्या चिखलात रोवलेले. डोळे नावाला. प्रवाहाकडे तोंड करून तो नुसता उभा. पुढचे पर पसरलेले, बोटं पसरावीत तसे, आणि त्या बोटांना काही लागलं की ते तोंडाकडे ढकलायचं. मला तो फार केविलवाणा वाटला. मी म्हणालो, "सर, याला काही दिसत नाही, हा कुठं जात नाही, हे काय जगणं?" तुम्ही माझ्यावर रागावलात. खरंच रागावलात. "तुला कुणी सांगितलं त्याला दिसत नाही म्हणून? त्याच्या बोटांशी जे येतं ते त्याला कळतं. तुला कळतं का तुझ्या बोटांशी काय येतं ते? तू 'अंधार' म्हणतोस. त्याला विचार, तो म्हणेल, कसला अंधार?"

हा वाद आपण कधी संपवला नाही. मी म्हणायचो, नसण्याला अंधारच म्हणतात. तुम्ही म्हणायचात, ज्यानं उजेड पाहिलाय त्यानंच अंधार म्हणावं, दुसऱ्याच्या घराला नाव ठेवू नये. आता वाटतं, तुमचं बरोबर होतं. पण अजून पूर्ण पटलेलं नाही. वाद घालायला तुम्ही हवे होतात.

प्रॅक्टिकलचा एक दिवस सगळ्यांच्या लक्षात आहे. वासाचा धडा होता. तुम्ही सगळ्यांना डोळे मिटायला लावलेत आणि खसच्या अत्तराची कुपी उघडून बाकांमधून हळू चालू लागलात. "वास आला की हात वर." खिडक्या उघड्या, पंखा चालू. डोळे उघडायला सांगितलंत तेव्हा फळ्यावर तुम्ही हातांचा नकाशा काढला होता. तुमच्या अगदी शेजारच्या मुलाला वास आलाच नव्हता, आणि भिंतीकडच्या शेवटच्या मुलाला सगळ्यांत आधी आला होता. "वास सरळ जात नाही," तुम्ही म्हणालात. "तो वाऱ्यावर जातो. पाण्यात तो प्रवाहावर जातो. ज्याला वासाचं मूळ शोधायचं त्यानं प्रवाहाच्या उलट पोहावं. वास तुटला की आडवं फिरावं, सापडला की परत उलट." मागच्या बाकावरचा भानुदास म्हणाला, "सर, मी तर कांद्याच्या वासाला हात वर केला. मेसमधनं आला." तुम्ही फळ्यावर त्याच्या नावापुढं वेगळी खूण केलीत आणि म्हणालात, "हा दुसऱ्या समुद्रातला."

त्या दिवशी शेवटी तुम्ही सांगितलं की माझ्या आकृतीतला तो काडीवाला मासा म्हणजे मादी असते. नर बोटाएवढा, नाकपुड्या मोठ्या. तो त्या काळ्या पाण्यात मादीचा वास काढत फिरतो. बहुतेकांना ती सापडतच नाही. ज्याला सापडते तो तिला चावून धरतो, आणि मग सोडत नाही. कातडीला कातडी जुळते, रक्त एक होतं. डोळे जातात, पर जातात. शेवटी तिच्या अंगावरचा एक फोड उरतो.

तुमच्या घरी आल्यावर मी म्हणालो, "सर, हा तर संपला."

"संपला कसा? पोहोचला."

"त्याचं त्याच्याजवळ काय राहिलं?"

"तू मला सांग, एवढं फिरून त्याला हवं होतं काय? डोळे?"

चाची आतून म्हणाल्या, "बस करो, बच्चा डर जाता." मी घाबरलो नव्हतो. पण मी शहरात येऊन वर्ष झालं होतं, गावी गेलो की लोक म्हणायचे तू बदललास, आणि इथं मुलं म्हणायची तू गावंढळच राहिलास. त्या नर माशाचं मला फार लागायचं. ते मी तुम्हाला सांगितलं नाही.

मग परीक्षा आली, पहिली. तुम्ही शेरवानी घालून गेलात. संध्याकाळी मी आलो तेव्हा तुम्ही खूश होतात.

"अर्ज आला होता. 'आजारपणामुळे रजा मिळणेबाबत.' सांडूमियाँ, तो तर आपल्या घरचाच माल. अर्ज, रजा, मंजूर, हजर, दाखल. तुमच्या मराठीत आमचं एवढं राहतं हे कुणी सांगितलंच नाही मला."

"आणि निबंध?"

"रेल्वे स्टेशनवरचा एक तास."

"मग?"

"मी लिहिलं, मी मुकुंदवाडीच्या स्टेशनवर बसलो. गाडी लेट. एकदम दिवे गेले. अंधार झाला. असाच अंधार समुद्राच्या तळाशी असतो." तुम्ही थांबलात. "त्यापुढं चांगलं लिहिलं. सगळं आलं. पोटावरचे दिवे, वास, तीन काड्यांवाला. दोन पुरवण्या लागल्या."

"आणि गाडी?"

"कोणती गाडी?"

"सर, शेवटी गाडी आली का?"

तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. "गाडी राहूनच गेली," तुम्ही म्हणालात.

निकाल आला. अर्जात, भाषांतरात बरे मार्क, निबंधात नापास. चाची मला बघून म्हणाल्या, "दोनों फेल." तुम्ही हसलात, पण त्या दिवशी एकच बाटली परत परत पुसत राहिलात. आता एकच संधी राहिली होती. भाषा तुम्हाला येत होती, पण फक्त समुद्राखालची. मंडईत कोथिंबीर घेताना तुम्ही दखनीत बोलायचात. तेव्हा ठरवलं की आता मासे बंद. बाजार, सण, ऋतू, खेडं. तुम्ही कुरकुरलात. "खेड्यातील सकाळ, मी कशी लिहू? मी खेड्यात सकाळ पाहिलीच नाही." मी म्हणालो, "मग चला आमच्या गावी."

हे बोलून गेलो आणि मग दोन गोष्टी झाल्या. तुम्ही थोडं थांबून विचारलंत, "तुमच्या गावात मी आलेलं चालेल?" आणि गावी गेल्यावर मी बाला सांगितलं तेव्हा बासुद्धा तसाच थांबला. आमचं गाव सोयगावजवळ. रझाकारांच्या दिवसांत गावातली माणसं शेतात झोपायची, एवढं मला सांगून माहीत होतं. नंतर पोलीस ॲक्शनच्या वेळी तुमच्या नात्यागोत्यात काय झालं, ते तुमच्या घरात कुणी बोलत नव्हतं. भिंतीवर एक तसबीर होती, तिच्याकडं बघून चाची पटकन दुसरीकडं बघायच्या, एवढंच मला माहीत होतं. बा म्हणाला, "आण. मास्तर हाय ना त्यो." मी तुम्हाला सांगितलं, "बा म्हणतो, या." तुम्हाला आणि बाला, दोघांनाही कळलं होतं की काय विचारलं गेलं आणि काय उत्तर आलं. पुढं त्यावर कुणी बोललं नाही. मला वाटतं, तुम्हा दोघांना ते तसंच हवं होतं.

एसटीनं आलात तुम्ही, डोक्यावर टोपी, हातात पिशवी, पिशवीत आईसाठी खारकांचा पुडा. सकाळ दाखवायला मी तुम्हाला मळ्यात नेलं. तुम्ही मोट, बैल, धुकं काहीच नीट पाहिलं नाहीत. विहीर दिसली आणि तुम्ही तिथंच थांबलात. पायऱ्यांची विहीर, पाणी हिरवं, थंड.

"सांडू, इथं तू पोहायला शिकलास?"

"व्हय सर."

"पाण्याखाली डोळे मिटून भिंत जवळ आली की कळतं तुला?"

"कळतं."

"कसं?"

मी म्हणालो, पाणी परत येतं. गालाला कळतं. तुम्ही शर्ट काढायला लागलात.

बा धावत आला. "मास्तर, पवता येतं का?"

"नाही."

"मंग समुद्राचं काय शिकविता पोरांना?"

"पुस्तकातनं."

"आन् पुस्तकात पानी नसतं, व्हय," बा म्हणाला. सगळ्यांत जास्त तुम्हीच हसलात. लुंगी नेसून तुम्ही पायऱ्या उतरत गेलात, पाणी गळ्याशी आलं तिथं थांबलात, मागच्या दगडाला धरून. माझा चुलतभाऊ गणपत खाली होता. आईची परात आणवलीत. "डोळे मी मिटतो. गणपत, परात पाण्याखालून हळू माझ्याकडं आण. कुठून आणतोस सांगू नको." वर बायका जमा झाल्या होत्या. तुम्ही डोळे मिटून उभे. "उजवीकडून," तुम्ही म्हणालात. बरोबर. "आता समोर." बरोबर. तिसऱ्या वेळी तुम्ही म्हणालात, "डावीकडून, पण लहान आहे काही," आणि गणपतनं परात हलवलीच नव्हती. तुमच्या डाव्या बाजूनं एक बेडूक गेला होता. तेवढा आनंद मी तुमच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. वरून आई म्हणत होती, "सांडू, मास्तरांना वर काढ रे, सर्दी व्हईल त्यांना."

मग तिथंच ओल्या अंगानं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, आमच्या मराठीत. माशाच्या अंगावर, डोक्यापासून शेपटीपर्यंत, एक रेघ असते. त्या रेघेत बारीक भोकं, भोकांत केसाहून बारीक काही. पाणी हललं की ते वाकतं. खोल समुद्रातल्या काही माशांत ही भोकं डोक्यावर मोठी, उघडी झालेली असतात, कारण तिथं पाणी फार स्तब्ध, तिथं कुणी जरा हललं तरी लांबून कळायला हवं. "कुणी येत असलं तर," तुम्ही म्हणालात, "आणि कुणी दूर चाललं असलं तरी." बा म्हणाला, "आपल्या म्हशीला बी असंच कळतं, कोन आलं त्ये." तुम्ही म्हणालात, "म्हशीला कानानं. याला सगळ्या अंगानं."

लुंगी वाळेपर्यंत आपण दोघं कठड्यावर बसलो. तिथं तुम्ही सांगितलंत की तुम्ही समुद्र एकदाच पाहिला. मुंबईला, धाकट्या भावाला कराचीच्या बोटीवर बसवायला गेलात तेव्हा. तो म्हणत होता, चल. नंतरही म्हणत राहिला. बोट गेली आणि तुम्ही धक्क्यावर उकिडवे बसून पाण्यात हात घातलात. "इतकी वर्षं शिकवत होतो, म्हटलं बघावं तरी कसं लागतं."

"कसं लागलं सर?"

"तेलकट."

मला विचारायचं होतं, तुम्ही का गेला नाहीत. त्या नर माशाचा वाद माझ्या मनात होता. तुम्ही पोहोचला होतात की अडकला होतात, हे मला विचारायचं होतं. माझंही काही सांगायचं होतं. पण तुम्ही लुंगीचा काठ चाचपून बघत होतात, वाळला का म्हणून, आणि मी काही विचारलं नाही. सर, आता वाटतं की तुम्ही सांगितलं असतं. तुम्ही ते धक्क्यापर्यंत आणूनच ठेवलं होतं.

परत येताना एसटीत तुम्ही म्हणालात, "सकाळ बघायची राहिली." पुन्हा जाऊ म्हणालो. जमलं नाही.

दुसऱ्या परीक्षेला आम्ही तुम्हाला शपथ घातली होती, मी आणि चाचींनी, की मासे लिहायचे नाहीत. विषय आला, 'आठवडी बाजार'. तुम्ही बाहेर आलात तेव्हा मी फाटकापाशी उभा होतो. काय लिहिलं म्हणून विचारलं तर तुम्ही एकदम शिस्तीत सांगितलंत: भाजी, धान्य, बांगड्या, बैल, गर्दी, संध्याकाळी परतणारी माणसं.

"आणि मासा?"

"एक. बोंबील. वाळलेला." मग म्हणालात, "वाळलेल्याला समुद्रात कसं धरतील?"

तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं होतं, मराठी शिकायला इतका उशीर का केला. तुम्ही म्हणालात, शिकवणारा उशिरा जन्मला. हे मला तुम्ही सांगितलं नाहीत, चाचींनी सांगितलं, आणि तेही दवाखान्यात.

कारण निकालाची वाट बघतानाच तुमच्या छातीत दुखायला लागलं. मी रोज संध्याकाळी यायचो. वॉर्डातल्या लोकांना तुम्ही ओळखायला लागला होतात पावलांवरून. डोळे मिटलेले असायचे आणि म्हणायचात, सिस्टर आली, हा भंगी, हा शेजारच्याचा मेहुणा, हा आला की रडारड. माझं पाऊल दारात पडलं की म्हणायचात, "आला का?" मला वाटायचं मला विचारता. तुम्ही निकालाचं विचारत होतात. मी 'नाही' म्हणायचो. मग आपण दुसरं काही बोलायचो. एका संध्याकाळी तुम्ही पहिल्या तासाला काय सांगायचं ते ठरवत होतात. वर्गात आल्याबरोबर हजेरी घ्यायची नाही, आधी खिडक्या उघडायच्या. शेवटच्या बाकाला आधी बोलायला लावायचं. मी म्हणालो, सर, आधी बरे तर व्हा. तुम्ही म्हणालात, ते डॉक्टरचं काम, माझ्याकडं वेळ आहे तोवर मी माझं करतो.

मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आमच्यात मास्तरांचे आभार मानायची रीत नाही, पाया पडायची आहे, आणि तुम्ही पाया पडू द्यायचा नाहीत. मला इंग्रजी पुस्तक उघडायची भीती वाटायची, ती गेली तुमच्यामुळं. मला माझ्या बोलण्याची लाज वाटायची, तीही गेली, कारण एवढा शिकलेला माणूस रोज सायकलची घंटा ऐकून माझी वाट बघायचा आणि मी 'लई' म्हणालो तर तोही 'लई' म्हणायचा. हे तोंडावर सांगायला हवं होतं.

त्या दिवशी दुपारी प्रॅक्टिकल चाललं होतं. हेडक्लार्क काका दारात आले. ते कधी प्रयोगशाळेत येत नाहीत, त्यांना फॉर्मॅलिननं शिंका येतात. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "सांडू, अरे, तुझा विद्यार्थी पास झाला की."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. काका म्हणाले, पुढच्या सत्राला तास लावतोय म्हणून सांग, दुसऱ्या वर्षाचा, अकराचा. मी ॲप्रन तसाच अंगावर ठेवून निघालो. सायकल कुणाची घेतली ते आठवत नाही.

वॉर्डात भेटायची वेळ नव्हती. चाची बाकड्यावर बसून डाळिंब सोलत होत्या. तुम्ही डोळे मिटून पडला होतात. मी धापा टाकत होतो, आणि एवढे दिवस तुमच्या घरी बसून जी भाषा माझ्या तोंडात बसली होती तीच बाहेर आली. मी म्हणालो, "सर, आप पास हो गए."

चाचींच्या हातातली वाटी खाली पडली. तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडं बघितलंत, ॲप्रनकडं बघितलंत.

"मराठीत सांग," तुम्ही म्हणालात.

"सर, तुम्ही पास झालात."